बाकावरचा सराव

वेतुरियाबाईंच्या जिम्नॅस्टिक्सच्या व्यायामशाळेत दुखापतीला सुट्टी नव्हती. हात मोडो की पाय, मुलीनं रोज यायचं, बाकावर बसायचं आणि जी मुलगी दांडीवर असेल तिच्याबरोबर डोळे मिटून मनातल्या मनात सगळी कसरत करायची. रुमेनियातल्या त्या खाणीच्या गावात कुणालाच यात वावगं वाटत नसे.

इलिंकाचा घोटा मोडला आणि तिची जागा झामफिराला मिळाली. राष्ट्रीय संघात इथून एकच मुलगी जायची होती.

"बस बघत," मनगटाला पट्टी गुंडाळत झामफिरा म्हणाली. "बुखारेस्टहून तुला चॉकलेट पाठवीन हं, लंगडे!"

इलिंकाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोळे मिटले की दांडीचा गारवा बोटांना जाणवे, हात सुटला की वारा कानांवरून जाई. एकदा तिनं डोळे उघडले तर समोरची उंच दांडी हलत होती. तिच्यावर कुणीच नव्हतं. इलिंकाच्या तळहातांना मात्र खेळाडू लावतात ती पांढरी पूड लागली होती.

बाईंनी पाहिलं. "हात धुऊन ये," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी झामफिरा दांडीवर चढली आणि इलिंकानं डोळे मिटले. झामफिरा हवेत गिरकी घेऊन दांडी धरणार, तिथेच इलिंकानं मनातले आपले हात ठेवले. झामफिराची बोटं त्यांच्यावरून निसटली. खाली मान मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

इलिंकाला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

इलिंकाच्या पायाचं प्लास्टर निघालं, ती पुन्हा दांडीवर चढू लागली. निवडीच्या दिवशी परीक्षक मांडून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसले होते. तेवढ्यात झामफिराची आई तिला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. मानेला पट्टा, लुळे हात मांडीवर उताणे.

"बाई, हिला आज कशाला?" इलिंकानं विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा. झामफिरा, मीट डोळे. इलिंकाबरोबर."

"जपून हं, लंगडे," झामफिरा पुटपुटली आणि तिनं डोळे मिटले.

इलिंका दांडीखाली उभी राहिली.

दांडी आधीच हलत होती.

तिनं वळून पाहिलं. झामफिराचे तळहात पांढऱ्या पुडीनं माखले होते.

"चढतेस, की दुसरीला बोलावू?" बाई म्हणाल्या.

इलिंकानं उडी मारून दांडी धरली. तिच्या बोटांवर कुणाची तरी बोटं अलगद येऊन बसली.