सुलतानच्या वड्या

"तात्या, असाल तसं निघा. सुलतानला कुणीतरी इख घातलंय."

मारकड डॉक्टर काही विचारणार, तोच हिंदुरावांनी फोनवर पुढचं सांगून टाकलं. "आन घालणारा मी कोंडून ठिवलाय."

डॉक्टर सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन कळंबला राहत होते. पण पंचक्रोशीतली गुरंढोरं काही निवृत्त झाली नव्हती. अर्धा कप चहा तसाच टाकून त्यांनी एम-एटीला किक मारली.

हिंदुरावांचं घर भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. चारी बाजूंनी पुरुषभर ऊस आणि मध्ये घर. एकदा आत शिरलं की रस्ता दिसत नसे, आणि रस्त्यावरून घर दिसत नसे. इथे आलं की डॉक्टरांना उगाच गुदमरल्यासारखं व्हायचं. हिंदुरावांना मात्र हीच गोष्ट मोठी अभिमानाची वाटायची. आमच्या बायकांचं नखसुद्धा कुणाच्या दृष्टीस पडत नाही, असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगत.

सुलतान ओसरीत पोत्यावर पडला होता. पुण्याहून आणलेला रुबाबदार अल्सेशियन, पण पोट खपाटीला गेलेलं आणि डोळे मलूल. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला, सलाईन लावलं. मग शेजारी पडलेली उलटी काडीनं ढवळली. त्यात फिकट पिवळ्या, घट्ट गुठळ्या होत्या. नासक्या माशाचा वास नव्हता.

"जगंल का?" हिंदुरावांचा आवाज चक्क ओला झाला होता. माणसांची चौकशीसुद्धा ते इतक्या मायेनं करत नसत.

"संध्याकाळपर्यंत कळेल. पण हे विष नाही, हिंदुराव."

"मग काय हाय?"

"तेच शोधायचंय. मासा कुणी आणला?"

"त्यानंच की! बिरूनं!"

ह्या कुत्र्याचं पोट म्हणजे नाजूक प्रकरण होतं. दूध, गहू, मटण, काहीच पचायचं नाही. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनीच त्यावर तोड काढली होती. उकडून काटे काढलेला मासा, मऊ भात आणि तांबडा भोपळा एकत्र मळायचा, मीठमसाला न घालता छोट्या वड्या थापायच्या आणि मंद तव्यावर कोरड्या करायच्या. हिंदुरावांची सून रोहिणी त्या इतक्या निगुतीनं करायची, की सुलतान वडीसाठी दोन पायांवर उभा राहायचा. त्यासाठी दर शुक्रवारी भिगवणहून ताजी चिलापी मासळी यायची.

"एरवी सून जाती मासा निवडाया, बिरू जीप चालवतो," हिंदुराव सांगू लागले. "बिरू एकटा गेला की कुत्रं पडतं. मागं दोनदा झालं. तवा वाटलं, शिळा मासा आला आसंल. पर ह्या खेपंला तिसऱ्यांदा?"

"काल सूनबाई का नाही गेल्या?"

"ती बाजूला बसलीया गुरुवारपासनं. तवाच मी सांगून टाकलं, आता ह्यापुढं बिरूच जाईल. बाईमाणसाचं बाजारात काय काम?"

"आणि बिरू कुत्र्याला कशाला मारेल?"

"मागल्या महिन्यात मी त्याच्या थोबाडीत दिली हुती. त्याचा राग. सांजच्याला फौजदाराच्या ताब्यात देतो, बघा."

बोलून बोलून हिंदुरावांना धाप लागली. एवढ्यात आतल्या दाराआडून बांगड्या वाजल्या आणि एक हात उंबऱ्यावर बशी ठेवून मागे सरला. हिंदुरावांची बायको, कुशाबाई. डॉक्टर इतकी वर्षं ह्या घरी येत होते, पण त्यांनी तिचा हातच काय तो पाहिला होता.

"खरवस घ्या," हिंदुराव म्हणाले. "परवाच म्हस व्यालीया."

डॉक्टरांनी तुकडा तोंडात टाकला. चावता चावता क्षणभर थांबले, मग बशी चाटूनपुसून संपवली. पाहुणचाराला नाही म्हणायची त्यांची रीत नव्हती.

खताच्या गोदामाला कुलूप होतं. गजांच्या खिडकीतून युरियाचा उग्र वास येत होता आणि आत पोत्यांना टेकून बिरू बसला होता. त्याच्या बापाची मेंढरं होती. आता पोरगा जीप चालवायचा, धारा काढायचा. डॉक्टरांना पाहताच तो गजाला येऊन चिकटला.

"सुलतान हाय का?"

"आहे. तू काय घातलंस त्याला?"

"खंडोबाची आण, काय न्हाय. मासा आणला, वैनींच्या हवाली केला, झालं."

"म्हशीची धार कोण काढतं?"

"मीच. चरवी भरली की दारातनं मालकीण घेत्यात, आत्याबाई."

"कुत्र्याची थाळी कुठे असते?"

"आत, सैपाकघरात. मालकांनी त्याला तशी शिस्त लावलीया. थाळीशिवाय तोंड लावत न्हाय. आमाला आत पाय ठिवायची परवानगी न्हाय."

"बरं. भिगवणला होड्या सकाळी लागतात, ताजा मासा तेव्हा. आणि तुमची जीप दर शुक्रवारी जेवणं झाल्यावर निघते. मला कालव्यावर कितीदा दिसलीय. असं का रे?"

बिरू गजापासून एक पाऊल मागे सरला.

"बोल. संध्याकाळी फौजदार येणार आहे."

"येऊ दे. त्येवढं इचारू नका. म्या शब्द दिलाय."

"कुणाला?"

पण त्यानं तोंड फिरवलं. डॉक्टरांना त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं. निरपराध माणूस स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून आत बसला होता, आणि बाहेरच्या कुलपाची किल्ली हिंदुरावांच्या बंडीत होती.

मागच्या पडवीत रोहिणी एका घोंगडीवर बसली होती. शेजारी तिचा वेगळा तांब्या, वेगळं ताट. तीन दिवस तिनं घरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही. व्यालेल्या म्हशीच्या गोठ्याकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. अंगणातल्या सुट्या चुलीवर मात्र वड्यांचा तवा होता.

"वड्या तूच केल्यास, पोरी?"

"व्हय. आत्या म्हणाल्या, कुत्र्याला कसला इटाळ."

डब्यात कालच्या वड्या होत्या. डॉक्टरांनी एक उचलली, हुंगली आणि सरळ खाऊन टाकली. रोहिणीचे डोळे विस्फारले.

"अळणी आहे. पण मासा उत्तम होता," ते म्हणाले. "तुझं माहेर कुठलं गं?"

"दौंडचं." तिनं मान खाली घातली. "पर लग्नात फेट्यावरनं भांडण झालं. मामंजी म्हणाले, त्या घरचं तोंड बघायचं न्हाय. दोन वर्सं झाली."

"आणि नवरा काय म्हणतो?"

"ते पुण्याला नोकरीला. मामांपुढं काय बोलणार?"

"दौंडहून दुपारची पॅसेंजर भिगवणला थांबते, नाही का?"

रोहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं. उत्तराची गरजच उरली नव्हती.

परतताना डॉक्टर उंबऱ्याशी रेंगाळले. हिंदुरावांचे करकरणारे जोडे, मुलाचे जुने बूट, सुनेची पट्ट्याची चप्पल. आणखी जोड नव्हता. दाराच्या आत सुलतानची पितळी थाळी उपडी घातलेली होती, राखेनं घासून लख्ख केलेली.

"थाळी कुणी घासली, कुशावैनी?" त्यांनी दाराला विचारलं.

"मी," दारानं उत्तर दिलं. "पहाटं."

"कुत्रं तडफडत असताना?"

बांगड्या वाजल्या नाहीत.

डॉक्टरांनी बिरूला ओसरीत आणायला लावलं. हिंदुराव कुरकुरले, पण सुलताननं नुकताच कान हलवला होता, तेवढ्यावर ते नरमले होते. रोहिणी घराला वळसा घालून अंगणाच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली. दाराआडची सावली जागच्या जागी होती.

"आधी मासा," डॉक्टरांनी सुरुवात केली. "त्याच माशाची वडी मी स्वतः खाल्ली. ठणठणीत आहे. म्हणजे दोष माशाचा नाही, वडीचाही नाही."

"मग?" हिंदुराव.

"उलटीत पिवळ्या घट्ट गुठळ्या आहेत. तसलंच काहीतरी मघाशी तुम्ही मला बशीत दिलंत. चीक, हिंदुराव. व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध. ह्या कुत्र्याला साधं दूध सोसत नाही, त्याला कुणीतरी थाळी भरून चीक पाजला. मागच्या दोन वेळी साधं दूधच असणार, म्हणून निभावलं."

"धार तर ह्योच काढतो!" हिंदुरावांनी बिरूकडे बोट केलं.

"काढतो, आणि चरवी दारात देतो. कुत्रं थाळीशिवाय खात नाही, थाळी स्वयंपाकघरात, आणि बिरूला तिथे मज्जाव. तुमच्याच शिस्तीनं तो सुटला."

हिंदुरावांनी डोळे बारीक केले. "तिन्ही बारीला सून घरात हुती. तिला हिंडाया जायचं आसतं. म्हंजे हिनंच!"

"मलाही आधी तसंच वाटलं," डॉक्टर म्हणाले. "बिरू एकटा गेला की कुत्रं आजारी पडतं, मग तुम्ही घाबरून सुनेला पाठवता. फायदा तिचा. पण गुरुवारपासून ती त्या घोंगडीवर आहे. तिला गोठा बंद, स्वयंपाकघर बंद, चिकाची चरवी बंद, थाळीसुद्धा बंद. तुम्हीच कोंडलीत तिला, हिंदुराव. त्यामुळे हे तिच्या हातून होणं शक्यच नाही."

एवढं बोलून डॉक्टर थांबले. नाव घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. घरात आता एकच माणूस उरलं होतं आणि ते हिंदुराव सोडून सगळ्यांना कळलं होतं. बिरूला सोडवायचं तर ते नाव घ्यावं लागणार, आणि घेतलं तर ह्या घरातून बाहेर जायची एकुलती एक फट बुजणार.

"कोण मग? बोला की!"

दार करकरलं. कुशाबाई उंबरा ओलांडून ओसरीत आली. पांढरे झालेले केस, कपाळावर मोठं कुंकू, आणि भर पुरुषांत उघडा चेहरा. हिंदुराव उठून उभेच राहिले.

"मी पाजला," ती म्हणाली. "तिन्ही बारीला मीच. त्या पोराला सोडा."

"तू? येडी का खुळी?"

"हिची आई येती दौंडच्या गाडीनं. ठेसनातल्या बाकावर दोघी बसत्यात, घटकाभर. बिरूला ठावं हाय, मला ठावं हाय. तुमी गुरुवारी म्हणालात, आता सून जायाची न्हाय. मग मी काय करणार हुते? तुमी माणसाचं ऐकत न्हाय. कुत्र्याचं ऐकता."

बाहेर उसाची पानं सळसळत होती.

"माझी आई कळंबात मेली," कुशाबाई पुढे बोलू लागली. "हितनं ट्रॅक्टरनं जावं तर घटकाभराची वाट. ऊस तोडणी चाललीया म्हणून तुमी मला सांगितलं न्हाय. दिवस घातल्यावर कळलं मला. मी रडले तर तुमी म्हणालात, आता रडून काय उपेग. तवापासनं ह्या घरात मी रडले न्हाय."

मग ती सुलतानजवळ खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पर ह्या मुक्या जिवाचं चुकलंच माझं. चीक इतका बाधंल, ठावं न्हवतं. वाटलं, मागल्यासारखं एक दिस लोळंल."

"मेला असता, वैनी," डॉक्टर कठोरपणे म्हणाले. त्यांना ते बोलायलाच हवं होतं.

"व्हय. मला मापी न्हाय." तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं, कुत्र्याच्या कानावर. सुलताननं जड जीभ बाहेर काढून तिचा हात चाटला.

हिंदुराव कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत राहिले. बायको ओसरीत बसलीय, तिला आत जा म्हणावं, एवढंही त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी बंडीतून गोदामाची किल्ली काढली आणि कोनाड्यात ठेवून दिली. बिरूच्या डोळ्याला डोळा त्यांना भिडवता येईना.

"फौजदाराला सांगावा धाडू नगंस," ते उगाच बिरूलाच म्हणाले. मग घसा खाकरून डॉक्टरांकडे वळले. "कुत्र्याला मासा लागंलच का, तात्या? आता बरं झाल्यावरबी?"

प्रश्न कुत्र्याचा होता, पण कशाचा होता ते डॉक्टरांना बरोबर कळलं.

"लागेल. जन्मभर," ते म्हणाले. "ताजा, दर शुक्रवारी. आणि निवडायला जाणकार बाईमाणूस हवं. एकीला ते जमायचं नाही. दोघींनी जावं."

हिंदुराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते उसाच्या बाजूला तोंड करून बसून राहिले.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टर सुलतानला बघायला आले, तेव्हा तो अंगणात वडीसाठी दोन पायांवर उभा होता. जेवणं आटोपली होती. जीप चालू होती, बिरू स्टिअरिंगशी. रोहिणी पिशवी घेऊन मागे बसली होती आणि कुशाबाई उंबऱ्यावर अडून उभी होती.

"चला की आत्या, गाडी यील तितं."

"अगं, येते की." कुशाबाई आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती. "पर बाहेर जायाची चप्पलच न्हाय मला."

रोहिणी जीपमधून खाली उतरली. पायातली पट्ट्याची चप्पल काढून तिनं सासूसमोर ठेवली, आणि स्वतः अनवाणीच परत जाऊन बसली.