वादापुरतं मान्य

तर्कशास्त्र शिकवणारा माणूस घरात असला की साध्या भाजीचा विषयही सरळ पार पडत नाही. या घरात तर असे दोघे होते. वडील निवृत्त झालेले आणि लेक त्याच कॉलेजात, त्यांच्याच जागेवर. लहानपणापासून शब्दाला शब्द लावायची, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत. बापलेकीची जुंपली की आई म्हणायची, "दोघंही बरोबर आहात, आता जेवायला बसा."

आई जाऊन बरेच महिने झाले होते. तेव्हापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. रडलेही नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं.

"प्रत्येक माणूस मरतो, मान्य. तुझी आई माणूस होती, मान्य. डॉक्टर काय म्हणाले तेही मान्य, मी स्वतः तिला पोचवून आलो. फक्त 'म्हणून ती आता नाही', एवढंच मला मान्य नाही."

"बाबा, आधीची विधानं मान्य केली की निष्कर्ष मान्य करावाच लागतो."

"कोण करायला लावतं?"

"तसा नियम आहे."

"बरं, नियमही मान्य. आता नियमावरून निष्कर्षावर यायला आणखी एक 'म्हणून' लागणार. तो कुठून आणतेस?" बाबा अगदी शांतपणे बोलत होते. "जन्मभर पोरांना शिकवलं, पण या 'म्हणून'ला आधार कसला, ते कधी दाखवता आलं नाही. दाखवायला जावं तर तोच वापरावा लागतो. स्वतःच्याच खांद्यावर चढून भिंतीपलीकडे बघण्यातला प्रकार."

प्रश्न जुनाच होता, तिने तो वर्गात हसत हसत शिकवला होता. पण बाबा त्याला कशापायी चिकटलेत ते तिला कळत होतं. त्यांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले होते, ताटात निम्मं अन्न राहत होतं. आई गेली तसेच हेही हातातून जातील, याची तिने धास्ती घेतली होती. काहीही करून त्यांना यातून बाहेर काढायचंच, असं तिने मनावर घेतलं.

या मास्तरमंडळींची एक ठरलेली युक्ती असते. समोरच्याला खोटं पाडायचं तर त्याचं म्हणणं आधी वादापुरतं मान्य करायचं. मग त्यातून एखादी धडधडीत विसंगती काढायची आणि म्हणायचं, बघा, म्हणजे मुळातच ते चूक होतं. रविवारी नाश्ता झाल्यावर तिने तेच केलं.

"ठीक आहे. वादापुरतं मान्य. 'म्हणून'ला काही जोर नाही."

बाबांनी चष्मा काढला. "नक्की? विणीतला एक टाका सोडला की कुठवर उसवेल, सांगता येत नाही."

"वादापुरतंच हो, बाबा. आत्ता विसंगती काढते आणि माझं मान्य परत घेते."

पण विसंगती काही निघेना. शेवटच्या पायरीपाशी येऊन दर वेळी पुढचं वाक्य निसटत होतं. झोप झाली नसेल म्हणत तिने विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने फळ्यावर दोन विधानं लिहिली, खाली रेघ ओढली आणि खडू तिथेच थांबला. इतकी वर्षं न बघता लिहिलेला निष्कर्ष तिला सुचेना. पोरं वाट बघत राहिली. "घरी सोडवून आणा," असं सांगून तिने वेळ मारून नेली, पण दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

घरी आली तर बाथरूमची फरशी ओली. साबणावर फेस. बाबांची आंघोळ सकाळीच झाली होती. तिने मनाशी मांडणी केली. बाबा नाहीत, मी नाही, घरात तिसरं कोणी नाही. म्हणून...

ती दारातच उभी राहिली. आत गरम पाण्याची वाफ होती आणि वाफेला आईच्या तेलाचा वास होता.

त्या आठवड्यात बाबा पोटभर जेवू लागले. वाद घालेनात. दुपारी त्यांच्या खोलीतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू यायचं, मध्येच हसणंही. ते सुधारत होते, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

पुढच्या रविवारी दुपारी ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, मी माझं मान्य परत घेते."

"कशाच्या जोरावर?"

"विसंगती निघालीय. आई या घरात नाही, आणि आहे. दोन्ही एकदम असू शकत नाहीत, म्हणून..."

"म्हणून?"

तिने तोंड उघडलं. पुढे काहीच नव्हतं. बाहेर पडायची वाट त्याच एका शब्दावरून जात होती, आणि तो तिने आपल्या तोंडाने सोडून दिला होता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

आई वाळलेले कपडे छातीशी धरून आली. पूर्वीसारखीच, उजव्या पायावर भार देत.

"आई," लेक म्हणाली.

आईने मान वळवली नाही.

"पोरगी कधी यायचीय?" तिने बाबांना विचारलं.

बाबा लेकीच्या खुर्चीकडे बघत राहिले, रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसे. त्यांचे डोळे भरून आले.

"येईल. निघते म्हणाली होती."

"तुमचं आपलं काहीतरीच," आई म्हणाली. हातातले सगळे कपडे तिने लेकीच्या मांडीवर टाकले आणि एकेक उचलून घड्या घालू लागली.

लेकीला कपड्यांचं वजन जाणवलं नाही.