आधीचा फोटो, नंतरचा फोटो

"खून झालाय हो!" ताई दारातूनच म्हणाल्या आणि पायपुसण्याला अडखळल्या.

जावयाच्या हातातला चहा बशीत सांडला. सासूबाईंनी मात्र शांतपणे चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. त्यांचा उभा जन्म विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासण्यात गेला होता. दारात येऊन ओरडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीतच त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. गुडघे साथ देत नसत, म्हणून गाडी जावई चालवायचा. "मुलगी दिली आणि ड्रायव्हर मिळाला," असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि तो बिचारा हसून घ्यायचा.

"कुणाचा खून?" सासूबाईंनी विचारलं.

"केशरबाईंचा!"

"या कोण?"

जावयाला राहवेना. "आई, फुलपाखरू आहे ते."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग त्यानेच सगळं सांगितलं. पांढरे पंख, पंखांच्या टोकाला केशरात बोट बुडवून लावल्यासारखा ठिपका. म्हणून लाडाचं नाव केशरबाई. बर्फाच्या बंद कारखान्यामागच्या एका कुरणाखेरीज हे फुलपाखरू आता कुठेच दिसत नव्हतं. ताईंनी इंटरनेटवर गट काढला, 'केशरबाई आल्या का?' कुठकुठली माणसं त्यात आली. सगळ्यांनी मिळून ते कुरण भाड्याने घेतलं आणि तिथे कॅमेरा बसवला. हिवाळा सरत आला की रोज सकाळी घरोघर कॅमेरा उघडायचा आणि विचारायचं, "आल्या का?" ज्याला पहिली दिसेल त्याने लिहायचं, "आल्या!" की झाला वसंत सुरू. मग दिवसभर नुसती फुलं, गाणी, शुभेच्छा.

"आणि तुम्हीही त्यातलेच?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय! यंदा हिवाळ्यात पहिल्यांदाच कुरणाची सफाई झाली, तेव्हा कोयता घेऊन गेलो होतो मी." त्याने तळहात पुढे केला. फोड केव्हाच बरा झाला होता, पण दाखवायची हौस काही जात नव्हती.

ताईंचा आवाज कापत होता. "झाडांना पालवी फुटली, फुलं येऊन गळाली, पण केशरबाई नाहीत. एकसुद्धा नाही. कुरणाला लागून एका औषधवाल्याचं दुकान आहे. किडे मारायची औषधं विकतो मेला. त्याचा डबा आमच्या भाऊजींना कुरणात सापडला. त्यांनी फोटो टाकला आणि लोक पेटले. त्याच्या काचा फोडल्या. रविवारी संध्याकाळी सगळे त्याच्या दारात जमणार आहेत. तुम्ही पुरावा द्या, म्हणजे त्याला आत टाकता येईल."

"आणि पुराव्याने दुसरीकडेच बोट दाखवलं तर?"

ताई खुर्चीत टेकल्या. "तरी चालेल. गेल्या हिवाळ्यात आमचे हे गेले. केशरबाईंची वाट बघायची म्हणून मी सकाळी उठत होते, नाहीतर उठले नसते. कुणी केलं एवढं मला कळू दे, मावशी."

कुरण दिसायला अगदी छान होतं. सगळीकडे कोवळं, एकसारखं हिरवं, एक वाळली काडी नाही. मधोमध जुन्या शेकोटीचा काळा गोल, त्याच्या कडेने मुंग्यांची रांग चाललेली. पिवळ्या फुलांवर मधमाश्या गुणगुणत होत्या.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि मुंग्यांकडे बघत बसल्या. मग ताईंच्या पिशवीतला तो पुराव्याचा डबा त्यांनी जावयाच्या नाकाशी धरला. "वास घ्या, जावईबापू."

"रॉकेल?"

"आणि बुडाला?"

"काजळी आहे."

"विष रॉकेलमध्येच कालवलं असणार," ताई म्हणाल्या.

"असेल बाई. पण मुंग्या जिवंत, माश्या जिवंत, गवत टवटवीत. हे विष नेमकं केशरबाईंनाच ओळखून डसलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत चालू लागल्या.

औषधवाल्याने फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा ठोकला होता. बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेली होती. माणूस कित्येक रात्री झोपलेला दिसत नव्हता.

"डबा माझाच आहे," तो म्हणाला. "रिकामे डबे बाहेरच पडलेले असतात. येणारे-जाणारे मागून नेतात. मी कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू? आणि हे सांगितलं तर ऐकतंय कोण? फोनवर आईबहिणीवरून शिव्या देतात. फुलपाखरांवर माया करणारी माणसं ही!"

"मागचं अंगण बघू का?"

"बघा की. आळशी माणसाचं अंगण आहे. झाडलं नाही म्हणून बायको बोंबलायची. आता तीही नाही बोंबलायला."

मागे कमरेइतक्या वाळल्या काड्या उभ्या होत्या, बुडाशी नवे कोंब फुटलेले. जावई नाक मुरडत आत शिरला आणि तिथेच थबकला. त्याच्या डोळ्यांसमोरून पांढरं काहीतरी भिरभिरत गेलं. पंखांच्या टोकाला केशर!

"आई! केशरबाई! आई, बघा!" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. फोन काढेपर्यंत ती भिंतीपलीकडे गेली आणि जरा वेळाने परत येऊन एका हिरव्या कोंबावर टेकली. "गटात टाकतो आत्ता!"

"थांबा. त्या काचा फोडणाऱ्यांना या अंगणाचा पत्ता देताय?"

त्याने फोन खिशात टाकला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "समजलं! हा माणूस केशरबाई पकडून इथे लपवतो आणि विकतो!"

"उडती फुलपाखरं बिनछपराच्या अंगणात लपवतो?" सासूबाईंनी एक वाळली काडी मोडून पिशवीत ठेवली. "डोकं गाडीतच विसरलात का?"

जावयाच्या संशयितांत आता उरले ते दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून हे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. गटात त्यांना सगळे 'कटकटे' म्हणत. जिना चढता चढता जावयाने त्यांचा गुन्हा सांगितला.

"सफाई झाली त्या संध्याकाळी आम्ही शेकोटीचे फोटो टाकले होते. त्याखाली यांनी लिहिलं, 'यंदा वसंत येणार नाही. लिहून ठेवा.' धमकीच ना ती? ताईंनी लगेच गटातून काढलं त्यांना."

सासूबाई दम खात थांबल्या. "हिवाळ्यातच ठाऊक होतं होय यांना?"

डॉक्टरांनी दार अर्धंच उघडलं, पण सासूबाईंच्या गुडघ्यांकडे पाहून खुर्ची दिली. गॅलरीतल्या कुंडीत एक वाळकी काडी खोचलेली होती. काडीला बारीक धाग्याने बांधल्यासारखं एक तपकिरी टरफल लटकत होतं, पाठीवर उकललेलं.

"हे काय?"

"रिकामी खोली. भाडेकरू परवाच उडाला."

"शेकोटीच्या आधीही तुम्ही गटात काही लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं की, लांबलचक. दुपारपर्यंत पुसलं गेलं. गटाचा नियमच आहे, कुरकुर चालणार नाही. वसंताचं स्वागत हसऱ्या तोंडाने करायचं."

"काय लिहिलं होतं?" जावयाने विचारलं.

"आता सांगून काय फायदा? दात उपटल्यावर सांगू का, की चांगला होता म्हणून?" डॉक्टरांनी दाराकडे हात केला.

सासूबाई जिन्यात म्हणाल्या, "उद्या ताईंकडे जमू. तुम्हीही या, डॉक्टर. कुणी ऐकलं नाही तरी या."

ताईंच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन मोठे फोटो होते. एकात वाळलेलं, भकास, तपकिरी कुरण. दुसऱ्यात तेच कुरण, स्वच्छ, आणि पुढे हसणारी माणसं. जावई पहिल्याच रांगेत होता, कोयता उंचावून. गॅलरीच्या दाराशी डॉक्टर उभे राहिले. औषधवाला खुर्चीच्या टोकावर बसला. त्याच्याकडे न बघता ताईंचे धाकटे दीर आणि गटाचे दुसरे चालक भाऊजी फोनवर बोटं फिरवत होते.

"विष नव्हतंच," सासूबाईंनी सुरुवात केली. "विष असतं तर मुंग्याही मेल्या असत्या. आणि केशरबाई कुठे सापडल्या? दुकानामागे. जिथे विषाचे डबे ठेवलेले असतात, तिथेच त्या जिवंत. का?"

सासूबाईंनी पिशवी मांडीवर ओढली.

"त्या अंगणात असं काय आहे, जे कुरणात नाही? हे आहे." त्यांनी पिशवीतून काडी काढली. तिला तसंच तपकिरी टरफल लटकत होतं. "केशरबाईंचा सुरवंट वाळल्या काडीला स्वतःला बांधून घेतो आणि अख्खा हिवाळा कोश होऊन तिथे झोपतो. बघणाऱ्याला वाटतं, कचरा आहे. औषधवाला आळशी, त्याने काड्या काढल्या नाहीत. म्हणून तिथल्या वाचल्या."

जावई भिंतीवरच्या पहिल्या फोटोकडे बघत होता. सासूबाईंनी आपलं भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने ते फोटोवर धरलं. एका काडीवर एक, शेजारच्या काडीवर दोन. जिथे भिंग न्यावं तिथे तपकिरी गाठी. त्याने भिंग खाली घेतलं.

"सगळ्यांत जास्त मी कापलं होतं," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात कुरण भकास दिसतं म्हणून सगळ्यांनी सफाई ठरवली. मी कापलं, आपण ढीग केला आणि..."

"आणि पेटवला. काड्या दमट होत्या, पेट घेईनात, म्हणून कुणीतरी औषधवाल्याचा डबा मागून आणला आणि त्यातून रॉकेल ओतलं. कुणी आणला, जावईबापू?"

त्याला लख्ख आठवलं. शेकोटीपाशी डबा घेऊन, गाणं म्हणत आलेले भाऊजी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याने भाऊजींकडे पाहिलं. ते फोनमध्ये बघत राहिले.

"आणि डॉक्टरांची ती धमकी धमकी नव्हती. राख झालेली बघितल्यावर ज्याला कळतं तो दुसरं काय लिहिणार? त्यांनी आधी सांगितलंही होतं. ते पुसलं कुणी?"

"मी," ताई म्हणाल्या. "वाचलंसुद्धा नाही. यांचं नाव दिसलं की वाटायचं, आली कुरकुर. मला सकाळी सकाळी चांगलं काहीतरी वाचायचं असायचं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "अहो, मीच जाळल्या माझ्या केशरबाई!"

त्यांचं रडणं ऐकवत नव्हतं. औषधवाल्यानेही मान फिरवली.

"काही उरलंय का, डॉक्टर?" ताईंनी विचारलं. "खरं सांगा. आज कुरकुर करा."

"दुकानामागे दोन-तीन उडतायत. तिथल्या हिरव्या कोंबांवर आता अंडी असतील. तेवढंच काय ते. तिथे हात लावला नाही तर कदाचित," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

ताईंनी तिथेच फोन घेतला आणि सगळं लिहिलं. औषधवाल्याचा दोष नाही, दोष आपला आहे. दुकानामागच्या काड्यांना, कोंबांना कुणी हात लावू नका. जावयाच्या खिशात फोन वाजला. त्याने तो मजकूर वाचला. दुसऱ्यांदा वाचायला गेला तर मजकूर नव्हता.

"भाऊजी?" ताई म्हणाल्या.

"वहिनी, लोक खचतील हो. वसंताच्या दिवसांत असलं काही? नियम तुमचाच आहे." भाऊजी उठून दारापाशी गेले होते. "तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. गट मी बघतो."

ताईंनी पुन्हा लिहिलं. ते गेलंच नाही. त्यांच्याच गटाचं दार त्यांना बंद झालं होतं. जावयाने स्वतः लिहून पाहिलं, तर तोही बाहेर.

जाताना त्याने औषधवाल्याचा हात धरला. "रविवारी संध्याकाळी मी तुमच्या दारात उभा राहीन. बघू कोण येतंय ते."

औषधवाला थांबला नाही. शनिवारीच त्याने सामान भरलं आणि दुकान सोडून बायकोच्या गावी निघून गेला. भांडायचं तरी कुणासाठी, असं तो शेजाऱ्याला म्हणाला म्हणे.

रविवारी दुपार कलताच सासूबाई आणि जावई निघाले. संध्याकाळला वेळ होता. वाटेत त्याने दोर घेतला, अंगणाभोवती बांधायला. "चार बोलून बघू लोकांशी," तो म्हणत होता.

दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर कुणीतरी फुलं चिकटवली होती. मागचं फाटक उघडं होतं. अंगण स्वच्छ होतं, माती दिसेपर्यंत स्वच्छ. काडी नाही, कोंब नाही. झाडूचे फराटे तेवढे उमटलेले. कोपऱ्यात राखेचा गोल अजून कोमट होता.

"संध्याकाळी म्हणाले होते ना!" जावई ओरडला.

"दुकान बंद झाल्याचं कळलं असेल. मग उत्साहाला संध्याकाळपर्यंत थांबवत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि फाटकाच्या कठड्यावर मटकन बसल्या. उभ्या जन्मात त्यांनी इतकी राख पाहिली होती, पण या राखेत त्यांनी काठीसुद्धा घातली नाही.

जावयाच्या बायकोला गटातून कुणी काढलं नव्हतं. तिने फोनवर दोन फोटो पाठवले. आधीचा आणि नंतरचा. वर भाऊजींनी लिहिलं होतं, 'विषारी अंगण साफ! सर्वांचे आभार!' खाली फुलंच फुलं होती.

आधीचा फोटो त्याने मोठा करून पाहिला. एका हिरव्या कोंबावर पांढरं काहीतरी बसलं होतं.

फोटोंखाली कुठल्या तरी लांबच्या सभासदाने विचारलं होतं, "मग? आल्या का?"