मिठाशेजारची पट्टी

पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी आणि शेजारी अन्नातलं विष दाखवणारी बोटभर कागदी पट्टी. हल्ली पट्टीशिवाय पंगत बसत नसे. अप्पांच्या तेराव्यालाही सगळ्यांनी आधी पट्ट्याच खिरीत बुडवल्या, आणि सुचेताच्या कपाळावर आठी उठली. खीर तिची, पट्टी धाकट्या बहिणीने, केतकीने शोधलेली.

"बोटभर कागद, पण काय डोकं लावलंय पोरीनं!" काका म्हणाले.

"अप्पा नुसत्या वासावर दूध पारखायचे, काका."

दूध संघात चाळीस वर्षं त्यांचं तेच काम. ती विद्या त्यांनी थोरल्या लेकीला, सुचेताला दिली, केतकीला नाही. खीर कोमट झाली का, ते करंगळी बुडवून बघायचं, हेही त्यांचंच. तेवढं एक तरी तिचं एकटीचं होतं.

कागदातून दूध वर चढलं. एकेक पट्टी जांभळी झाली. पानं तशीच ठेवून माणसं उठली.

"तुझा कागद बिघडलाय," सुचेता म्हणाली. "पहाटे केली, आत्ता खळखळून उकळून वाढलीय. वास घे!"

"या विषाला वास नसतो, ताई. करंगळीला काय झालंय?"

"कापलंय. तीन आठवडे चिघळतंय."

केतकीने तिची करंगळी उजेडात धरून पाहिली. "जखमेतले जंतू कोमट दुधात विष सोडतात. उकळलं की जंतू मरतात, विष राहतं. पट्टीवरचे प्रतिपिंड तेच पकडतात."

मग तिने पर्समधून एक पाकीट काढलं. "अप्पा दर आठवड्याला वापरलेल्या पट्ट्या पाठवायचे, मागे दोन ओळी लिहून. हे पाकीट अप्पा गेल्यावर पोचलं. मला वाटलं, पट्टीच खराब असेल."

दर आठवड्याला! सुचेता रोज त्यांचं ताट वाढत होती. तिला त्यांनी कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. आताही पहिल्यांदा पोटात दुखलं ते त्याचंच.

पाकिटातली पट्टी जांभळी होती. तारीख, ज्या उलट्यांनी अप्पा गेले त्या सुरू झाल्या त्या दिवसाची. मागे त्यांचं थरथरतं अक्षर: 'खीर झकास. सुचेताला काही बोलू नकोस.'

तिने पट्टी दोनदा उलटसुलट केली.

"केतकी, यावरून कळतं का गं," तिने हळूच विचारलं, "त्यांनी ही खाल्ल्यावर बुडवली, की खाण्याआधी?"