अंतिम रेषेवरची फोटोवाली

"ओ ताई, आठव्या लेनमध्ये झोपायला मनाई आहे!"

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. काढणार कशी? मी मैदानावर पालथी पडले होते, कोपरं मातीत रुतली होती आणि समोरून दहा वर्षांखालच्या मुलींची शंभर मीटरची शर्यत थेट माझ्या अंगावर येत होती. आठवी लेन रिकामी होती, म्हणून तर मी तिथे होते!

"झोपले नाहीये. काम करतेय."

"असं काम मलाही मिळालं असतं तर... कोवळं ऊन, मऊ माती—"

"श्श! आल्या!"

आल्या. सात मुली, चौदा वेण्या, कुणाचे ओठ दातांखाली, कुणाचे डोळे गच्च मिटलेले. माझं बोट बटणावरून उठलं ते सगळ्या पार निघून गेल्यावरच. मग मी तोंडातली माती थुंकली आणि वर बघितलं.

पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा, आणि महत्प्रयासाने दाबून धरलेलं हसू. अंतिम रेषेचा मुख्य पंच.

"मिळाला फोटो?" त्याने विचारलं.

"मिळाला. तुमची सावली मध्ये आलीय, तेवढी सोडून छान आहे."

"सावलीला समज देतो," तो गंभीरपणे म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

तंबूतल्या आमच्या टेबलाशी परत आले तेव्हा मावशीने सगळं बघितलेलं होतं. माझी मावशी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाली होती. नजर घारीची, आणि आवाज असा की माइकवाल्याने रजा घ्यावी. फोटोंचा धंदा आम्हा दोघींचा. आठवडाभर दुकान, आणि रविवारी मुलांच्या स्पर्धा. मी मैदानावर पळायचे, ती तंबूत प्रिंटर घेऊन बसायची आणि आईवडिलांना फोटो निवडून द्यायची.

"दिसायला बरा आहे," मावशी प्रिंटरमध्ये कागद भरत म्हणाली. "पण पहिल्याच भेटीत ताई म्हणाला. कठीण आहे गं."

"मावशी!"

"मी काय, कागदाबद्दल बोलतेय."

त्यानंतर तो मला कधी ताई म्हणाला नाही. दुसऱ्या रविवारी "फोटोवाल्या बाई" म्हणाला, तिसऱ्या रविवारी नुसतंच "अहो". तो एरवी जमिनींची मोजणी करायचा. कुणाचं कुंपण कुठे, कुणाचा बांध कुठे, हे दोरी लावून सांगायचं त्याचं काम. रविवारी हौसेने पंच व्हायचा. हिशोब एकच, म्हणायचा, रेघ म्हणजे रेघ. तिच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही.

मावशीने धंदा सुरू करतानाच मला एक दंडक घालून दिला होता. "पहिल्या आलेल्या पोराचे फोटो सगळेच काढतात. शेवटून पहिल्याची आईसुद्धा पहाटे उठून डबा करूनच आलेली असते. शेवटचं पोर येईपर्यंत कॅमेरा खाली ठेवायचा नाही."

एकदा दीड हजार मीटरच्या शर्यतीत एक मुलगा पार मागे पडला. त्याची एक अख्खी फेरी राहिली होती आणि बक्षिसांची घोषणाही सुरू झाली होती. त्यातच पाऊस भुरभुरायला लागला, गर्दी तंबूकडे पांगली. रेषेवर दोनच माणसं उरली. घड्याळ धरून तो, आणि कॅमेरा धरून मी.

त्याने छत्री उघडली आणि माझ्या दिशेने तिरपी धरली.

"अहो, छत्री नक्की कुणावर धरलीय? मी तर भिजतेच आहे."

"कॅमेऱ्यावर. तो भिजला तर तुम्ही रडाल. तुम्ही भिजलात तर—"

"तर?"

"...तर माझ्याकडे रुमाल आहे."

मी हसले. तो समोर वळणाकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते.

"सगळे गेले तरी तुम्ही दर वेळी थांबता," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मी बघतो."

"तुम्हीही थांबता की."

"मी पंच आहे. शेवटचा येईपर्यंत शर्यत संपत नाही."

"माझीही नाही संपत."

तो वळून बघायला लागला. टोपीच्या कडेवरून थेंब गळत होते आणि तो ते पुसत नव्हता. काहीतरी बोलणार होता... पण मुलगा आला. धापा टाकत, चिखलात माखून, एकटाच. मी फोटो काढला, त्याने घड्याळ दाबलं आणि आम्ही दोघांनी मिळून अशा टाळ्या वाजवल्या की मुलाला वाटलं, आपण जिंकलोच.

मला वाटतं, मी त्याच दिवशी हरले.

मग निवड स्पर्धा आली. सोळा वर्षांखालच्या मुलींची दोनशे मीटरची अंतिम फेरी. पहिली येईल ती एकटीच पुढच्या पातळीवर जाणार होती. रेषेवर लावायचे महागडे कॅमेरे आमच्याकडच्या स्पर्धांना कुठले? तिथे पंचाचा डोळा हाच कायदा.

सकाळी तो मोजणीची फीत आणि दोरी घेऊन आला. मैदानाच्या बाहेरच्या बाजूला, रेषेच्या सरळ रेषेत त्याने खडूने फुली मारली. "तुमचा स्टँड इथे. रेषेच्या अगदी नाकासमोर."

"एवढी बडदास्त?"

"पुन्हा लेनमध्ये झोपलात तर कोण उठवणार?"

शर्यत सुटली. वळणावरून आठही जणी जवळजवळ एकत्र आल्या. शेवटच्या दहा मीटरमध्ये चौथ्या आणि सातव्या लेनमधल्या मुली खांद्याला खांदा लावून रेषेवर तुटून पडल्या. आतल्या बाजूच्या शिडीवरून त्याचा झेंडा खाली आला. पहिली, चौथी लेन. टाळ्या, आरडाओरडा, पदक. सातव्या लेनमधली मुलगी गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिली.

दहा मिनिटांनी तिचे बाबा आमच्या टेबलाशी आले. रंगकाम करणारे असावेत, नखांच्या कडांना पांढरा रंग होता.

"आमची मुलगी दुसरी आली," ते म्हणाले. दुसरी हा शब्द त्यांनी असा उच्चारला की कुणाला तो पहिलीच्या वरचा वाटावा. "एक मोठा फोटो द्या. दारासमोरच लावणार आहे. घरात येणाऱ्याला आधी तो दिसला पाहिजे."

मी एकेक फोटो पुढे सरकवू लागले आणि माझा हात थांबला.

शर्यतीत डोकं धरत नाहीत, हातही नाही. धड रेषेवर आधी कुणाचं पोचतं ते बघतात. चौथ्या लेनमधल्या मुलीचं डोकं आणि हात पुढे होते. पण धड? धड सातव्या लेनमधल्या मुलीचं आधी रेषेवर होतं. वीतभर पुढे. आतल्या बाजूने बघणाऱ्याला ती चौथ्या लेनमधल्या मुलीच्या आड गेली असणार. माझ्या बाजूने ती लख्ख दिसत होती.

मी लॅपटॉप मावशीकडे वळवला. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"निकाल जाहीर झालाय," ती हळूच म्हणाली. "सगळ्या स्पर्धांचं काम क्रीडा संघटनेचे अध्यक्ष देतात, आणि त्यांना गोंधळ खपत नाही. आणि तो... त्याची अख्ख्या मैदानासमोर शोभा होईल."

"माहितेय."

मावशीने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आपण फोटो विकतो गं, डोळे नाही. जा. मी टेबल बघते."

मी लॅपटॉप छातीशी धरून निघाले. हा माणूस पुन्हा माझ्याशी बोलेल का, एवढाच एक विचार डोक्यात होता, आणि असा विचार यावा याची लाजही वाटत होती.

तो शिडीपाशी पाणी पीत होता. मी लॅपटॉपचा पडदा त्याच्यासमोर धरला. तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"स्टँड फुलीवरच होता?"

"तसूभर हलवला नाही."

त्याने टोपी काढली. पहिल्यांदाच बघितलं मी त्याला टोपीशिवाय. कपाळावर टोपीची रेघ उमटली होती.

"दहा वर्षांत असं झालं नव्हतं," तो स्वतःशीच पुटपुटला. मग घड्याळात बघितलं. "हरकत घ्यायची मुदत संपायला अकरा मिनिटं आहेत. चला."

आधी तो माइककडे गेलाच नाही. चौथ्या लेनमधल्या मुलीकडे गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिला फोटो दाखवला. मला शब्द ऐकू आले नाहीत. मुलगी रडली, रागाने पदक काढून तिने त्याच्या हातावर आपटलं. तो बसून राहिला, तिचं रडं थांबेपर्यंत.

अध्यक्ष धावत आले. "अहो, काय करताय? एवढ्या लोकांसमोर?"

"चूकही एवढ्या लोकांसमोरच झाली, साहेब."

आणि त्याने माइक घेतला.

"दोनशे मीटरचा निकाल मी चुकीचा दिला," तो म्हणाला. आवाज थोडा कापला, मग स्थिर झाला. "चूक धावणाऱ्यांची नाही, माझ्या डोळ्यांची आहे. सातव्या लेनमधली मुलगी पहिली आली आहे. दोघींचीही मी माफी मागतो. आणि आमच्या फोटोवाल्या बाईंचे आभार. त्यांनी हे मला दाखवलं नसतं, तर मी आज खोटं सांगून घरी गेलो असतो."

तो माइक ठेवून मागे सरला. मग एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. रंग लागलेल्या नखांच्या. मग सगळ्यांच्या.

मी कॅमेरा उचलला होता, पण समोरचं सगळं धूसर दिसत होतं. भिंग पुसलं, तरी धूसरच. मग लक्षात आलं, पुसायचं होतं ते भिंग नव्हे. कुणीतरी आपलं नसतं, अजून काहीच ठरलेलं नसतं... आणि तरी त्याच्यासाठी आपला ऊर भरून येतो! तिथे उभ्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, हा माणूस बघा.

अध्यक्ष मात्र जाताना मावशीला एवढंच म्हणाले, "पुढचं कळवू."

तीन रविवार कुणी कळवलं नाही. तोही दिसला नाही. मावशी दुकानात मुद्दाम मोठमोठ्याने उसासे टाकायची. "किती शांत वाटतं नाही रविवारी? सावली नाही, छत्री नाही..."

"मावशी, गप."

चौथ्या आठवड्यात फोन वाजला. चौथ्या लेनमधल्या मुलीच्या प्रशिक्षिका बोलत होत्या. मी घाबरतच "बोला" म्हटलं.

"आमच्या क्लबची स्पर्धा आहे," त्या म्हणाल्या. "फोटोंना तुम्हीच या, आणि रेषेवरच उभ्या राहा. आमची मुलगी ज्या दिवशी जिंकेल ना, त्या दिवशी कुणाला शंका घ्यायला जागा नको. हे तिनेच सांगितलंय मला."

मी फोन ठेवला आणि मावशीच्या गळ्यात पडले. "आता रडून फोन खराब करू नको," असं म्हणत ती स्वतःच डोळे टिपत होती. मग आणखी दोन क्लबांचे फोन आले.

त्याच आठवड्यात एका दुपारी दुकानाचं दार उघडलं. टोपी नव्हती. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट.

"पासपोर्ट साइजचा फोटो हवाय," तो म्हणाला.

"कशासाठी?" आवाज साधा ठेवायला मला फार कष्ट पडले.

"पंचांच्या वरच्या परीक्षेचा फॉर्म भरतोय. शिफारशीवर अध्यक्षांनीच सही केली. म्हणाले, स्वतःची चूक माइकवरून सांगणारा पंच वर नाही पाठवला, तर लाज आपलीच." त्याने केसांवरून हात फिरवला. "तीन आठवडे अभ्यास करत होतो. आधी यायला हवं होतं. पण नुसतंच काय यायचं, म्हणून..."

"म्हणून फोटोचं निमित्त?"

"फॉर्म खरा आहे हो!" त्याने खिशातून घडी काढून दाखवली.

मी त्याला पडद्यापुढे बसवलं. तो ताठ बसला आणि माझ्याकडे बघून हसला.

"फॉर्मच्या फोटोत हसायचं नसतं."

"बरं." त्याने ओठ मिटले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तो पुन्हा हसला.

"अहो!"

"मग तुम्ही बाहेर जा ना जरा."

"मी बाहेर गेले तर फोटो कोण काढणार?"

आतून मावशीचं खोकणं ऐकू आलं. तो एकदम गंभीर झाला. मला वाटलं, आता मिळेल फोटो. पण तो बोलायला लागला.

"परीक्षा पास झालो तर दूरदूरच्या मैदानांवर जावं लागेल. तिथे रेषेवर मोठे कॅमेरे असतात, चूक होत नाही. पण समोर तुम्ही नसाल..." त्याने फॉर्मची घडी बोटांनी चेपली. "निकाल देता येईल मला. करमणार मात्र नाही. मी सरळच विचारतो, मला वाकडं बोलता येत नाही. आयुष्यभर माझ्यासोबत राहाल?"

मी कॅमेरा खाली ठेवला. त्याच्याजवळ गेले. त्याची कॉलर सरळच होती, तरी सरळ केली. मान माझी ताठ होती. या माणसाला हो म्हणायला मान खाली घालायची काय गरज?

"हनुवटी जरा वर कर," मी म्हटलं.

तो चमकला. "कर?"

"हो. कर."

"पुन्हा म्हण ना."

"आधी फोटो!"

मी बावीस फोटो काढले त्या दुपारी. फॉर्मला चालेल असा एकही निघाला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं, आणि मी दुकान अर्धा तास आधीच उघडून ठेवलं.