हात धुतलेली

१९६६ च्या उन्हाळ्यात आमच्या लेकीला, छबूला, आम्ही मुंबईहून सारंगखेड्याला घरी आणलं. रक्ताचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्या चालू असेपर्यंत तिच्या अंगात कुठल्याच रोगाशी झगडायची ताकद नसेल. माणसांपासून जपा. ताप आला की वाट बघू नका, इकडे आणा."

मी शाळेत शिकवणारी. सांगितलं तसंच केलं. मागची खोली चुन्याने रंगवून घेतली. पाणी उकळून. दाराशी बादली, तांब्या, साबण. हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि टाकायचं ते मी आणि तिच्या वडिलांनीच.

नणंद गजराबाईला मी उंबऱ्यावरून परतवलं, तेव्हा ती कडाडली. "मन्हाच हातवर वाढनी ती! आते मन्हाच हातले विटाळ का?" माझ्या नावाने बोटं मोडून ती तिच्या गावी निघून गेली. मग गल्लीनेही आमच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतर दुपारी साबण ओला सापडू लागला. आम्ही दोघं तर तिकडे फिरकलेलोही नसायचो. बादलीजवळ काळा गाळ, तापीच्या तळाचा वास असलेला. एकदा छबूच्या चादरीवर ओल्या बोटांचे ठसे दिसले. फार लांब बोटं.

"कोण आलं होतं गं?"

"बाई. ती रोज हात धोस. तूच सांगेल व्हतं ना, हात धोयात ते चालस."

"आत्या?"

"नही. आत्याना हात गरम ऱ्हातस."

दुसऱ्या दुपारी आतून कडी लावून मी तिच्या उशाशी बसले.

बाहेर तांब्या वाजला. पाणी पडलं. थांबलं. पुन्हा पडलं. सावकाश, मनगटापर्यंत चोळून.

"कोण आहे?"

कडी हललीसुद्धा नाही.

छबू भिंतीकडे सरकली. शेजारी जागा केली.

गादी दबली.

मी तिला ओढून छातीशी घेतलं. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं.

दोंडाईच्याहून मिळेल ती गाडी पकडून आम्ही मुंबई गाठली. इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरला. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

सकाळी वॉर्डातली नर्स तणतणत आली.

"तुमच्याबरोबरच्या त्या बाईंना समज द्या. हात स्वच्छ धुतात, ते ठीक. पण दुसऱ्या मुलांच्या खाटांवर बसायचं नाही म्हणावं."

तिच्या मागे, शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या कपाळावर त्याची आई ओली पट्टी ठेवत होती.