आंब्यांच्या आढीतले हत्ती

"पेटी रिकामी आहे!" छायाचा धाकटा भाऊ ऋत्विक ओरडला.

छायानं तळाशी पुन्हा हात फिरवला. हाताला धूळ लागली, बस्स. सुट्टी लागल्यापासून खामगाव नुसतं तापत होतं, आणि सकाळपासून तीन खोल्या धुंडाळून तिचे पाय भरून आले होते.

ह्याच पेटीत पणजोबांच्या वेळचे चित्रांचे खाके, म्हणजे नमुन्याचे कागद, होते. तेव्हा ह्या कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या घरी दर उन्हाळ्यात चित्रकार उतरत. महिना-महिना राहत, घरचंच जेवत, घरचेच रंग घोटत आणि भिंती हत्ती-मोरांनी भरून टाकत. पुढे भिंती गेल्या, चित्रं गेली. मागे राहिले ते कागद.

अब्दुल गनीचाचांचे वडील त्या चित्रकारांपैकीच एक. डिंपलआत्याच्या लग्नात दाराशी वडिलांचेच हत्ती काढायचे, एवढी एकच हौस आता चाचांना उरली होती. पण त्यांचा हात थरथरायचा, खाक्याशिवाय जमणार नव्हतं. आणि इंद्रभानकाकांनी तर दाराशी छापील फ्लेक्स लावायला पाच वाजता फ्लेक्सवाल्याला बोलावून ठेवलं होतं!

"काका, पेटीतले कागद कुठं आहेत?"

"त्याले कसर लागली होती. नुसते भोकंच भोकं! देले कुठंतरी टाकून," काका जांभई देत म्हणाले. "लग्नाच्या घाईत मले काय काय ध्यानात राहीन? जा, झोपू द्या!"

छाया ओट्यावर येऊन मटकन बसली. तेवढ्यात चाचांची नात कौसर धापा टाकत आली. तिच्या हातात एक चुरगळलेला कागद होता.

"तुह्या काकानं सकाळी आमच्या घरी आंबे धाडले ना, ते याच्यात गुंडाळेल होते. हे भोकं पाह्य!"

तिनं कागद उन्हात धरला. ओट्यावर उजेडाचे ठिपके सांडले. आधी सोंड, मग कान, मग एक उचललेला पाय...

"हत्ती!" ऋत्विक ओरडला. "काका तर म्हणे, कसर लागली!"

"किडा इतका हुशार असते काय बे?" कौसर हसली. "चित्राच्या रेघेवर सुईनं भोकं पाडतात. कागद भिंतीले लावायचा अन् वरून कोळशाच्या भुकटीची पोटली ठोकायची. भिंतीवर ठिपके उमटले, का ते जोडायचे!"

"म्हणजे बाकीचे कागद..."

"आंब्यांच्या आढीत!"

आढी होती गोदामात, आणि तिला खेटूनच काकांची बाज! आंबे राखायला ते तिथंच झोपत. त्यांना उठवावं, तर ऐकून घेण्याआधी ते कानच पिरगाळणार.

"घोरणं थांबलं, का तुम्हीबी थांबा," ऋत्विक कुजबुजला आणि बाजेपाशी पहाऱ्याला बसला.

गवत बाजूला, आंबे बाजूला, खाका बाहेर, त्या जागी वर्तमानपत्र. गवत अंगाला टोचत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. अकरा कागद निघाले. बारावा ओढताना एक आंबा गडगडत थेट बाजेखाली गेला.

"कोण हाय बे? आंबे चोरता काय?"

"एकही कमी नाही, मोजून घ्या!" ऋत्विक म्हणाला.

सबब सांगण्याइतकंही बळ छायात उरलं नव्हतं. तिनं खिडकीच्या उन्हात कागद तेवढा उचलून धरला. काकांच्या पांढऱ्या बनियनवर टप्पोरा हत्ती उभा राहिला!

काका स्वतःच्या पोटाकडे बघतच राहिले.

"अन् मी याले कचरा समजलो," ते हळूच म्हणाले. त्यांनी फोन काढला. "फ्लेक्स नको भाऊ. येऊ नको तू."

पाच वाजता चाचा दाराशी आले. वरून कागद छायानं धरला, खालून कौसरनं. थरथरता हात पोटली ठोकत गेला, टप, टप, टप. कागद निघाला, तशी भिंतीवर ठिपक्यांची सोंड वर झाली.

चाचांनी पोटली खाली ठेवली.

"पोट्टेहो, माह्यापेक्षा तुमचे डोळे शाबूत हायेत," काका म्हणाले. "शाबास!"

"अब्बाची सोंड अशीच वर राहे," चाचांनी छायाच्या डोक्यावर कोळशानं काळा झालेला हात ठेवला. "जीते रहो, बेटा. थकली ना?"

"हो, चाचा."

"मीबी. बस जराशी. मंग रंग भरू."

आणि दोघंही त्या भिंतीशी टेकून बसली.